लेकीला सेंट लुईसला न्यूरोसायन्स पीएचडीची ऑफर आलीये, पण युनिव्हर्सिटी "प्रायव्हेट" म्हणून घरात गोंधळ

कऱ्हाडची_आई

नमस्कार मंडळी. मी इथे नेहमी वाचते पण लिहायची पहिलीच वेळ, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझी मुलगी आयसर पुण्यातून (केंद्र सरकारची विज्ञान संस्था) बीएस-एमएस झाली, आता अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतून न्यूरोसायन्स पीएचडीची ऑफर आलीये. १५ एप्रिलच्या आत हो-नाही कळवायचंय. ती हो म्हणूनच बसलीये पण घरात आमचे आप्पा (सासरे) अडून बसलेत. त्यांनी कुठूनतरी ऐकलं की ही युनिव्हर्सिटी प्रायव्हेट आहे, आणि आमच्या भागात खासगी कॉलेज म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये, म्हणजे आधी टेबलाखालून किती ते बोला. आप्पांचं म्हणणं, सरकारीत नंबर लागला नाही की पोरं खासगीत जातात, आणि ही तर पहिल्यापासून हुशार, मग हिला खासगीत कशाला पाठवताय. पत्रात तर लिहिलंय की फी भरायची नाही, वर दरमहा पैसे मिळणार. ते वाचून आप्पांचा संशय अजूनच वाढला, म्हणे फुकट कोण कुणाला देतं, बॉण्ड असणार बघ.

लेकीला विचारलं तर ती घाईत असते, "आई मी नंतर सांगते" म्हणते आणि ते नंतर काही येत नाही. मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, सायन्सच शिकवते पण सातवीचं, त्यामुळे मेंदूचे तीन भाग मोठा, लहान आणि लंब इथपर्यंतच माझी गाडी. तर मला कुणी नीट सांगेल का की १) तिकडे प्रायव्हेट म्हणजे नक्की काय २) यात पैशाचं काही अडकतं का नंतर ३) हे करून ती मेंदूची डॉक्टर होते का, कारण पाहुणे हेच विचारतात आणि मी काहीतरी गुळमुळीत उत्तर देते.

कोल्हापूरकर_मिडवेस्टात

काकू आधी अभिनंदन, पेढे वाटा. मी मिडवेस्टमधल्याच दुसऱ्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत न्यूरोच्या पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे त्यामुळे हे सगळं घरी समजावून झालंय, आमच्याकडे आजी होती आप्पांच्या जागी.

आप्पांना सांगा की तिकडे गणित उलटं आहे. हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड, जॉन्स हॉपकिन्स सगळ्या प्रायव्हेटच. प्रायव्हेट म्हणजे राज्य सरकार चालवत नाही, ट्रस्टी मंडळ चालवतं, आणि बहुतेक ठिकाणी नफ्यासाठी चालवत नाहीत. डोनेशन तिकडेही असतंच की, पण ते तुमच्या लेकीकडून घेत नाहीत, जुन्या विद्यार्थ्यांनी आणि श्रीमंत लोकांनी दिलेलं असतं आणि त्याचा मोठा फंड करून त्याच्या उत्पन्नातून काही खर्च भागतो. ही युनिव्हर्सिटी १८५३ सालची आहे. आणि हो, सिॲटलला आहे ती युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन, ती सरकारी, ही सेंट लुईसची वेगळी. लोक इतके गोंधळायचे की १९७६ मध्ये यांनी नावातच "इन सेंट लुईस" जोडून टाकलं. तुमच्या पाहुण्यांपैकी कुणीतरी गूगल करून सिॲटलचे फोटो पाठवणार ही माझी गॅरंटी.

गंमत म्हणजे युनिव्हर्सिटी खासगी असली तरी लॅबमधला संशोधनाचा बराचसा पैसा सरकारीच असतो, एनआयएच नावाची तिकडची आरोग्य संशोधनाची केंद्रीय संस्था आहे ती प्रोफेसरांना ग्रँट देते. म्हणजे आप्पांना हवं असलेलं सरकारी यात आहेच.

पैशाचं असं, पीएचडीला ट्यूशन माफ, हेल्थ इन्शुरन्स असतो आणि स्टायपेंड. बायोमेडिकलला बऱ्याच ठिकाणी वर्षाला ३५ ते ४० हजार डॉलरच्या घरात, काही ठिकाणी जास्त. रुपयात गुणाकार करून पाहुण्यांना सांगू नका, तो डॉलरमध्येच खर्च होतो. पण सेंट लुईस बॉस्टन किंवा कॅलिफोर्नियापेक्षा पुष्कळ स्वस्त, तेवढ्या पैशात एकटं माणूस नीट राहतं. पहिल्या वर्षी सहसा प्रोग्रॅम पैसे देतो, नंतर जिच्या लॅबमध्ये जाईल त्या प्रोफेसरच्या ग्रँटमधून. बॉण्ड वगैरे काही नाही. फुकटही नाही पण, ती पाच-सहा वर्षं लॅबमध्ये राबणार, त्याचा तो पगार आहे असंच समजा. सुरुवातीला मात्र हातात थोडे लागतात, विमान, व्हिसाची फी १८५ डॉलर, सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी) ३५०, घराचं डिपॉझिट, आणि पहिला स्टायपेंड महिना भरल्यावरच येतो. अडीच-तीन लाख बाजूला ठेवा.

डॉक्टर: नाही. नावापुढे डॉ. लागेल पण पेशंट नाही तपासणार. डोकं दुखतंय गोळी सांग असे फोन येतील ते वेगळं, मला चार वर्षं येतायत आणि मी झोपेत उंदरांच्या मेंदूत काय होतं यावर काम करतो.

एडिसनचे_काका

ताई, एक खुलासा, कारण इथे वाचणारे बारावीवाले पालक गल्लत करतील. वरचं सगळं पीएचडीपुरतं खरं. बीएसला म्हणजे अंडरग्रॅडला हिशोब एकदम वेगळा. माझा मुलगा हॉपकिन्सला न्यूरोसायन्समध्येच अंडरग्रॅड आहे, नुसती ट्यूशनच वर्षाला ६० हजार डॉलरच्या वर, राहणं-खाणं वेगळं. तिथले माजी विद्यार्थी, अब्जाधीश मायकल ब्लूमबर्ग यांनी २०१८ मध्ये विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी १.८ बिलियन डॉलर दिले, त्याचा खूप मुलांना फायदा झाला, पण भारतातून येणाऱ्याने ते धरून चालू नये, मदत मागणाऱ्या बाहेरच्या मुलांसाठी दार बरंच अरुंद आहे. तेव्हा "तिकडे सगळं फुकट असतं, अमुक काकूंची मुलगी गेली" असं ऐकून कुणी बारावीनंतर कर्ज काढून निघू नका.

पण एक सांगतो, पोराला तिथे जे मिळतंय ते बघून मला हेवा वाटतो. कॉलेज एका टोकाला, मेडिकल कॅम्पस दुसऱ्या टोकाला, रोज शटल बसने जातो लॅबमध्ये. पहिलं वर्षभर माशांच्या टाक्या धुतल्या आणि पिपेटची खोकी भरली. मी म्हटलं एवढी फी भरून टाक्या धुतोस? तर म्हणे बाबा, ज्यांचं पुस्तक वाचतो ते शेजारच्या खोलीत चहा पितात. आता दुसऱ्या वर्षी त्याला स्वतःचा छोटा प्रयोग दिलाय.

कुलाबा_ते_कल्याण

अभिनंदन. आता थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. आयसरमधून आलेल्या प्रत्येकाने अमेरिकेलाच जावं असं का? मी मुंबईत पीएचडी केली न्यूरोबायॉलॉजीत. इथे टीआयएफआर ही संशोधन संस्था आहे, बंगलोरला एनसीबीएस आणि आयआयएससी, मानेसरला तर नुसतं मेंदूसाठी एनबीआरसी आहे. जेआरएफ म्हणजे पीएचडीची सरकारी फेलोशिप २०२३ पासून महिन्याला ३७ हजार, पुढे एसआरएफ ४२ हजार, वर घरभाडं. कल्याणला आईच्या हातचं जेवून पीएचडी झाली माझी, लोकल सोडली तर काही त्रास नाही. (खोटं बोलतोय, फेलोशिप एकदा इतकी रखडली होती की मित्राकडून उसने घेतले होते. तिकडे हे तरी होत नाही म्हणतात.)

पण खरं सांगायचं तर जाणं वाईट नाही, परत यायचं दार उघडं ठेवावं एवढंच. टीआयएफआरच्या विदिता वैद्य बघा, सेंट झेवियर्सला शिकल्या, पीएचडी येलला म्हणजे प्रायव्हेटलाच, आणि परत येऊन कुलाब्यात लॅब उभी केली, सेरोटोनिन, ताण, नैराश्य यावर काम, २०१२ चं भटनागर पारितोषिक. आप्पांना हे उदाहरण द्या, येलचं नाव त्यांनी ऐकलं नसेल तरी भटनागर ऐकलं असेल.

अजून एक, २०२५ पासून तिकडची हवा बदललीये हे कुणी लिहिलं नाही वर. एनआयएचच्या पैशाला कात्री, काही ठिकाणी त्या वर्षी दिलेल्या ऑफर परत घेतल्या, आणि मोठे फंड असलेल्या खासगी युनिव्हर्सिट्यांच्या फंडावरचा कर वाढवला, पूर्वी १.४ टक्के होता तो आता ८ पर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे खासगी म्हणजे सुरक्षित हेही आता डोळे मिटून म्हणता येत नाही. व्हिसासाठी सोशल मीडियाची खाती पब्लिक करायला लावतात, तिला सांगा आधीच बघून घे काय काय लिहून ठेवलंय ते.

कोल्हापूरकर_मिडवेस्टात

@कुलाबा मान्य. आमच्याकडेही त्या वर्षी कमी मुलं घेतली. म्हणून काकू, लेकीला एकच प्रश्न ईमेलने विचारायला सांगा, की प्रोफेसरची ग्रँट संपली तर प्रोग्रॅम पैसे देतो का, आणि किती वर्षांची हमी आहे. हा प्रश्न विचारला म्हणून कुणी वाईट वाटून घेत नाही. अजून एक बारीक मुद्दा, एनआयएचच्या विद्यार्थ्यांसाठीच्या बऱ्याचशा फेलोशिप (एफ३१, टी३२ अशी नावं असतात) फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना मिळतात, आपल्याला नाही. म्हणून आपल्या लोकांना प्रोफेसरच्या खिशावर जास्त अवलंबून राहावं लागतं.

अर्धी_पीएचडी

मी नेहमी फक्त वाचते पण वरचं शेवटचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं. मीही अशीच एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत न्यूरो पीएचडीला गेले होते, नाव नाही सांगत, मोठं आहे, तुम्ही ऐकलेलं असेल. तीन वर्षांनी मास्टर्स घेऊन बाहेर पडले. युनिव्हर्सिटी उत्तम होती, मायक्रोस्कोप असे की आपल्याकडे रांग लावावी लागेल, गाइड मात्र चुकला. मी माणूस न बघता पेपर बघून लॅब निवडली. रविवारी रात्री ११ ला मेसेज, सोमवारी सकाळी "अजून आकृती झाली नाही?" आणि व्हिसा त्या नोकरीवर टांगलेला असल्यासारखा वाटायचा त्यामुळे बोलायची सोय नाही. आई-बाबांना तर दीड वर्ष काहीच सांगितलं नव्हतं, फोनवर सगळं छान छान.

काकू, पहिल्या वर्षी रोटेशन असतात, म्हणजे दोन-तीन लॅबमध्ये काही काही आठवडे काम करून बघायचं आणि मग एक निवडायची. लग्नाआधी चार वेळा भेटण्यासारखं आहे ते, पण आपण मुली तिथेही स्वतःला सिद्ध करण्यातच वेळ घालवतो आणि समोरच्याला बघतच नाही. तिला सांगा की गाइड खोलीत नसताना लॅबमधली मुलं कशी बोलतात ते ऐक. मागच्या पाच विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली ते विचार. कुणी मध्येच सोडून गेलंय का, गेलं असेल तर त्यालाच फोन कर. मला कुणी फोन केला असता तर मी खरं सांगितलं असतं.

मी आता बॉस्टनजवळ एका कंपनीत डेटाचं काम करते, मजेत आहे, वाईट वाटून घेऊ नका. पण तिला म्हणावं, महिन्यातून एकदा तरी आईला खरं सांग.

कऱ्हाडची_आई

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, डोळ्यात पाणी आलं. @अर्धी_पीएचडी बाळा तुझं मी दोनदा वाचलं. यांना पण वाचायला दिलं.

भटनागरचं नाव काढल्यावर आप्पा थोडे नरमले. बॉण्ड नाही हे त्यांना अजून पटत नाहीये पण पत्र मराठीत करून वाचून दाखवलंय.

आता एक विचारायचंय, सकाळपासून लिहू का नको चाललंय. कोल्हापूरकर तू उंदरांचं लिहिलंस ना. आमच्याकडे माळ आहे, आप्पांची चाळीस वर्षं वारी चुकलेली नाही, घरात अंडंसुद्धा येत नाही. लेक आयसरला होती तेव्हा माशांवर काम करायची, पण ते मासे नुसते पोहतात आणि ही व्हिडिओ काढते एवढंच आम्हाला माहीत. तिकडे उंदीर मारावे लागतात का? म्हणजे तिला स्वतःला?

कोल्हापूरकर_मिडवेस्टात

काकू, खरं सांगतो. हो, उंदरांच्या लॅबमध्ये गेली तर मारावे लागतात, आणि स्वतःच्या हाताने. लॅबमध्ये त्याला कुणी मारणं म्हणत नाही, "सॅक केलं" म्हणतात, पण शब्द बदलला म्हणून हात थरथरायचा राहत नाही. आधी भूल देतात. प्रत्येक प्रयोगाला आधी संस्थेच्या प्राणी समितीची मंजुरी लागते, त्यात जनावरांचा डॉक्टर असतो, उंदीर किती लागणार, का लागणार, त्याशिवाय जमणार नाही का, हे सगळं लिहून द्यावं लागतं, आणि ट्रेनिंग झाल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावू देत नाहीत. पहिल्यांदा केलं त्या रात्री मी जेवलो नव्हतो, आणि आमच्याकडे तर तांबडा-पांढरा चालतो.

मग का करतो? आमच्याकडे मेंदूची चकती कापतात, ३०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा साधारण तिसरा हिस्सा, बर्फासारख्या गार द्रावणात. ती चकती नीट ठेवली तर पुढे काही तास जिवंत असते. काचेची केसापेक्षा बारीक नळी एका पेशीला चिकटवायची, आणि स्क्रीनवर ती पेशी बोलायला लागते, टक टक टक. पहिल्यांदा जमायला मला चार महिने लागले. रात्री दीड वाजता जमलं आणि खोलीत मी एकटाच, कुणाला सांगायचं कळेना म्हणून घरी फोन लावला, आई म्हणाली जेवलास का.

पण न्यूरो म्हणजे उंदीरच असं नाही. माणसांच्या मेंदूचे स्कॅन करणाऱ्या लॅब असतात, आणि त्या बाबतीत सेंट लुईस तर माहेरघर. पेट (PET) स्कॅनचं सुरुवातीचं काम १९७० च्या दशकात तिथे झालं. माणूस काहीच करत नसतो, नुसता पडून असतो तेव्हाही मेंदूचे ठराविक भाग कामात असतात, ते डिफॉल्ट मोड नावाने मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथूनच २००१ मध्ये मांडलं. शिवाय फळमाश्या असतात, तिचे झेब्राफिश असतात, आणि आमच्या मजल्यावर एक जण असा आहे की त्याने पाच वर्षांत कॉम्प्युटर सोडून कशालाच हात लावलेला नाही. रोटेशन निवडताना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगता येतं की मला हे जमणार नाही.

कुलाबा_ते_कल्याण

यात एक गोष्ट घालतो कारण ती त्याच युनिव्हर्सिटीतली आहे आणि आप्पांना आवडेल असं वाटतं. रिता लेव्ही-मोंताल्चिनी, इटलीच्या, ज्यू. मुसोलिनीच्या कायद्यांमुळे युनिव्हर्सिटीत काम करायला बंदी, तर या बाईंनी तुरीन शहरात घरातल्या बेडरूममध्ये लॅब थाटली, शिवणकामाच्या सुया घासून सुऱ्या केल्या आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या नसा कशा वाढतात ते बघत बसल्या, वर बॉम्ब पडतायत. ते काम वाचून सेंट लुईसच्या व्हिक्टर हॅम्बर्गरनी १९४७ च्या सुमारास बोलावलं, एका सत्रासाठी. बाई गेल्या त्या तीसेक वर्षं त्या युनिव्हर्सिटीच्या राहिल्या. नसा वाढवणारं एनजीएफ तिथेच सापडलं, स्टॅन्ली कोहेनसोबत १९८६ चं नोबेल. हॅम्बर्गरना नाही मिळालं, त्यावर आमच्या लॅबमध्ये चहाला अजून भांडणं व्हायची.

अंड्याचा उल्लेख आप्पांसमोर करायचा का नाही ते तुम्ही ठरवा.

अर्धी_पीएचडी

काकू तुम्ही हे आम्हाला विचारताय पण तिला विचारलंत का? मला वाटतं ती याच कारणाने "नंतर सांगते" म्हणत असेल. मीही असंच करायचे.

कऱ्हाडची_आई

चार दिवसांनी लिहितेय, शाळेत परीक्षा चालू आहेत.

विचारलं तिला. @अर्धी_पीएचडी तुझा अंदाज बरोबर निघाला, ती म्हणाली पहिलं रोटेशन तिला उंदरांच्या लॅबमध्येच करायचंय, स्मृतीवर काम आहे, आणि मला कसं सांगू हेच कळत नव्हतं. मी म्हटलं आता आप्पांना कोण सांगणार, तर म्हणाली आई त्यांना मी दिवाळीतच सांगितलंय. मी बघतच राहिले! म्हणजे महिनाभर हे गृहस्थ खासगी-खासगी करत होते आणि मूळ गोष्ट त्यांना माहीत होती. मी जाऊन विचारलं तर म्हणाले, मी तिला विचारलं उंदराला दुखतं का, ती म्हणाली भूल देतात, मी म्हटलं बरं. आणि चष्मा लावून हरिपाठ उघडला. अजून त्यांच्या मनात काय आहे मला कळलेलं नाही, विचारायची हिंमतही नाही. पण काल यांना म्हणाले की तिच्या तिकिटाचे पैसे मी देणार.

तिने हो कळवलंय. ग्रँटचा प्रश्नही विचारला, उत्तर नीट आलं, पाच वर्षांचं लिहून दिलंय.

आता शेवटचं विचारते, मग त्रास देत नाही. मेतकूट, गोडा मसाला आणि भाजणी नेता येते ना? आणि कुकर इथून द्यायचा का तिकडे मिळतो?

एडिसनचे_काका

ताई, मसाले नीट पॅक करून चेक-इन बॅगेत, वर नाव लिहा. तिकडे उतरल्यावर फॉर्मवर किंवा विचारल्यावर खाण्याचं आहे असं खरं सांगायचं, लपवलं की दंड. कुकर इथूनच द्या, तीन लिटरचा बास, सपाट बुडाचा घ्या कारण तिकडे बऱ्याच घरांत गॅस नसतो, विजेची शेगडी असते. आणि शिट्ट्या दोन-तीन जास्तीच्या द्या, त्या तिकडे सहज मिळत नाहीत.

कोल्हापूरकर_मिडवेस्टात

आणि रबर. काकू, कुकरचं रबर विसरू नका.